नऊ किलोवॅटची वाफ

सासू आणि जावई यांच्यात विस्तव जात नव्हता, आणि तरी दोघं एकाच छपराखाली राहत होते. दोघांना बांधून ठेवणारं माणूस, एकीची लेक आणि दुसऱ्याची बायको, गेलं होतं. तिला जाऊन वर्ष होत आलं. ती असताना ती मध्ये बसायची आणि दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची, तेही निम्मं गाळून. आता गाळणारं कोणी नव्हतं. जे तोंडातून निघेल ते थेट दुसऱ्याच्या कानात जायचं.

जावई हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलर चालवून रिटायर झालेला. कामावर सगळे त्याला बॉयलरवाला म्हणायचे आणि पुढे गल्लीतही तेच नाव चिकटलं. चादरी, गाऊन, टॉवेल उकळायला लागेल तेवढी वाफ त्याने उभ्या आयुष्यात केली होती. सासूबाई मात्र त्याला ‘जावईबापू’ म्हणायच्या. हा शब्द त्या अशा काही म्हणत की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

घराच्या मागच्या बाजूला कपडे धुण्याची जुनी खोली होती. तिची वाफेची खोली करायची हे बायकोच्या मनात होतं. आईचे गुडघे सकाळी धरायचे, आणि वाफेत बसलं की सैल पडतात असं आईचं म्हणणं. पूर्वी आई पोहण्याच्या तलावाजवळच्या वाफेच्या खोलीत जायची, पण आता तिथल्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. म्हणून बायकोने टेप लावून खोलीचं माप घेतलं, भिंतींना दगडी लाद्या बसवून घेतल्या, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढा ओटा बांधून घेतला. फक्त वाफेचं मशीन यायचं राहिलं. मग ती आजारी पडली. खाटेवरूनसुद्धा ती माप म्हणून दाखवायची, “लांबी दोन मीटर, रुंदी दीड, उंची सव्वादोन. मशीन घ्यायला जाल तेव्हा विसरू नका हं.” आणि त्याच दमात म्हणायची, “आणि आईला कुठे पाठवू नका.”

तो दोन्हीला हो म्हणाला होता.

ती गेल्यावर बरेच महिने त्या खोलीचं दार कोणी उघडलं नाही. मग एकदा चहा पिताना सासूबाईंनी विषय काढला.

“धाकट्याचा फोन होता. न्यायला येतो म्हणाला रविवारी.”

धाकटा म्हणजे त्यांचा मुलगा, बायकोचा भाऊ. दुसऱ्या गावात राहायचा.

“मग जा की,” बॉयलरवाला म्हणाला. “बॅग भरायला मदत करू?”

“त्याआधी तुमची खोली बघते. माझ्या लेकीने एवढं मनावर घेतलं होतं, तर तुम्ही ती पुरी करता की तिथे घुशी पाळता ते तरी कळेल. गुडघ्यांना उपयोग झाला तर राहीन. नाही तर निघाले. तिथे निदान जेवताना समोर माणूस तरी असतं.”

“मी कोण आहे मग?”

“तुम्ही ताटात बघून जेवता, जावईबापू.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ‘जा’ असं त्याने पुन्हा म्हटलं नाही, कारण एक गोष्ट त्याला कळत होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. शेजारीपाजारी बायकोबद्दल बोलताना आवाज बारीक करायचे. जुने सोबती तर विषयच टाळायचे. तिचं नाव मोठ्याने, पूर्वीसारखं, घरभर ऐकू जाईल असं घेणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते भांडायलाच घ्यायचं. ही म्हातारी गेली की घरात ते नाव कोणी घेणार नव्हतं. त्याला तिचं तोंड बघवत नव्हतं आणि तिने जाऊही नये असं वाटत होतं.

तो म्हणाला, “खोली करतो. पण बसणार तुम्ही एकट्याच. दोघांची जागा तापवायची कशाला? मध्ये भिंत घालतो. पलीकडे झाडू आणि बादल्या ठेवू.”

हे तो मुद्दाम म्हणाला होता. लेकीची जागा झाडू-बादल्यांना, हे ऐकून म्हातारी अंगावर येईल, शब्दाने शब्द वाढेल, अशी त्याची खात्री होती. तो तयारच बसला होता.

“घाला,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“भिंत घाला म्हटलं. बॉयलरपाशी कानही गेले का? मलाही ती दुसरी जागा नकोच आहे.”

त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. बॉयलरवाल्याला ते काही रुचलं नाही. पण बोललेला शब्द मागे घ्यायचा तर तोंड कुठे होतं? दुसऱ्याच दिवशी त्याने गवंडी बोलावला. ओट्याच्या बरोबर मधोमध, छतापर्यंत, पांढऱ्या टाइलची भिंत उभी राहिली.

आता मशीन. दुकान मोठं होतं, नळ आणि शॉवर यांनी भिंती चमकत होत्या. स्टीम जनरेटरच्या टेबलाशी एक चष्मेवाली बाई बसली होती. तिच्या पुढे कॅल्क्युलेटर होता आणि मागच्या फळीवर लहानमोठी मशीनं ओळीने मांडलेली होती.

“खोली केवढी?” तिने विचारलं.

एक मीटर लांब, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, “लांबी दोन मीटर, रुंदी दीड, उंची सव्वादोन.”

पाठ झालेलं होतं ते. इतक्या वेळा ऐकलेलं, आणि त्याच आवाजात. बाईने आकडे दाबले.

“भिंती कशाच्या?”

“दगडी लाद्या.”

“दगड उष्णता पितो, तेवढं वाढवावं लागेल. बाहेरच्या बाजूच्या भिंती किती?”

“एक.”

तिने पुन्हा दाबलं. “नऊ किलोवॅट. पण काका, माप पक्कं आहे ना? लहान खोलीला मोठं मशीन लावलं तर घोळ होतो. लोकांना वाटतं मोठं म्हणजे चांगलं, पण...”

“बाई, तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी वाफ करतोय.”

“कुठे?”

“हॉस्पिटलच्या लाँड्रीत.”

“चादरींना कोणी विचारत नाही, बरं वाटतंय का म्हणून,” बाई म्हणाली. तिचाही पारा चढला होता. “मग लिहू नऊ?”

“लिहा.”

दुकानाच्या पायरीवर आल्यावर तो थांबला. आपण भिंत घालण्याआधीच्या खोलीचं माप देऊन आलो हे त्याला समजत होतं. परत आत जाऊन चूक सांगणं एवढंच काम होतं. पण त्याला तिथून मागे वळवेना. बाईसमोर नाक खाली करायचं, हे एक. दुसरं म्हणजे तो आकडा बायकोचा होता. तिचं बाकी सगळं हळूहळू हातचं सुटत चाललं होतं, साड्या दिल्या गेल्या, उशीचा वास गेला. आता हेही खोडायचं? शिवाय त्याच्या धंद्याची सवय होतीच. बॉयलरवर वाफ कमी पडली की चारी बाजूंनी बोंब, आणि जास्त झाली तर सोडून द्यायला झडप असते. जास्त झाल्याने कोणाचं बिघडलं? मनाची अशी समजूत घालून तो घरी आला.

मशीन बसवायला फिटर आला, तो हसऱ्या तोंडाचा, सतत काहीतरी गुणगुणणारा माणूस होता. त्याने मशीन बाहेरच्या कपाटात बसवलं, पाइप आत घेतला, वाफेचं तोंड ओट्याच्या खाली सोडलं आणि बटण दाबलं. सासूबाई जुना गाऊन घालून आत जाऊन बसल्या. काचेचं दार लागलं.

जरा वेळ काही नाही. मग फुस्सकन आवाज झाला आणि बघता बघता काच पांढरी झाली.

“अगं आई गं! भाजलं, भाजलं!”

बॉयलरवाला दाराकडे धावला, तोवर खटकन आवाज होऊन मशीन बंद पडलं. आत वाफ विरळ होत गेली. म्हाताऱ्या पायांचा आकार दिसायला लागला. छतावरून गार थेंब त्यांच्या टाळूवर पडला.

“आता काय झालं? संपली वाफ?” आतून आवाज आला. “मला अर्धी उकडून ठेवली का?”

पुन्हा खटकन. पुन्हा फुस्स. पुन्हा आरडाओरडा. आणि पुन्हा सगळं शांत. चौथ्या खेपेला सासूबाई दार ढकलून बाहेर आल्या. त्यांच्या पोटऱ्या लाल झाल्या होत्या आणि खांदे गार.

“हे मशीन अगदी मालकावर गेलंय,” त्या फिटरला म्हणाल्या. “एकदम भडकायचं आणि मग तोंड शिवून बसायचं. अशा माणसाबरोबर संसार होतो का, सांगा.”

फिटरला हसू आलं. ते लपवायला तो पिशवीत पाना शोधू लागला.

“मशीन चांगलं आहे हो, मोठं झालंय एवढंच,” तो म्हणाला. “एवढ्याशा खोलीत हवा पटकन तापते. सेन्सरला वाटतं काम झालं, तो मशीन बंद करतो. वाफ मुरायला वेळच मिळत नाही. बारीक वाफ सतत यायला पाहिजे, तर अंगात उतरते. या खोलीला साडेचार पुष्कळ झालं असतं. नऊ कोणी सांगितलं?”

“दुकानात,” बॉयलरवाला म्हणाला.

“त्यांना माप कोणी दिलं?”

“मी.”

“या खोलीचं?”

बॉयलरवाला कपाटाचं दार लावायला वळला. सासूबाई टॉवेलने मान पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

“माझ्या लेकीचं माप दिलंत ना तुम्ही?”

“दिलं. मग?”

“मग काय! भिंत घालायची अक्कल होती, तिथे माप बदलायची नव्हती?”

“भिंत घाला तुम्ही म्हणालात!”

“विषय तुम्ही काढलात! तिची जागा झाडूला देणारे तुम्ही!”

“आणि तुम्ही काय केलंत? तिच्या पोटात दुखायचं ते तुम्हाला सांगायची ती, मला नाही. तुम्ही गरम पाण्याची पिशवी दिलीत! पिशवी!”

“तुम्हाला सांगायला तुम्ही घरात होता कधी? आलात की झोपायचात. तिने दुखतंय म्हटलं असतं तर ‘बॉयलर कोण बघणार’ म्हणाला असतात.”

असं भांडण त्यांचं आधीही झालं होतं, पण परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. फिटरने हत्यारं गोळा केली. “मशीन नवंच आहे, बदलून देतील,” असं तो दारातून म्हणाला. “लहान घ्या. उद्या सांगा मला.” आणि तो गेला, या खेपेला काही न गुणगुणता.

“बदला,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही बदलणार.”

“का?”

“नाही म्हणजे नाही.”

“ठीक आहे. रविवारी मी जाते.”

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि कपाटाची दारं आपटायला लागल्या. सामान भरताना माणूस एवढा आवाज करत नाही. बॉयलरवाला बाहेर बसून प्रत्येक आपटणं ऐकत होता. एका शब्दाने हे थांबलं असतं. लहान मशीन आणतो, एवढंच म्हणायचं होतं. पण तो शब्द त्याच्या तोंडी येईना.

सकाळी सासूबाईंना जाग आली ती हातोड्याच्या आवाजाने. त्या भिंतीला धरून धरून मागे गेल्या. बॉयलरवाला तोंडाला रुमाल बांधून त्या पांढऱ्या भिंतीवर छिन्नी मारत होता. टाइलचे तुकडे ओट्यावर पडत होते. सगळीकडे धूळ.

“हे काय?”

“मशीन लहान होत नाही. खोली मोठी होते.”

“मी गेल्यावर करा काय ती तोडफोड. दोन दिवस निघत नाहीत?”

“तुम्ही जा नाही तर राहा. मशीन माणसं मोजत नाही, खोली मोजतं. तिने दोघींची खोली मोजली होती, तेवढी मी करतोय. तिची जागा रिकामी राहील. झाडू नाही ठेवणार.”

सासूबाई दारातच थांबल्या. मग हसल्या. ते हसणं काही बरं नव्हतं.

“दोघींची? ती माझ्याशेजारी बसणार होती असं वाटतंय तुम्हाला?”

“मग?”

“तिला वाफ सोसायची का? लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिला बॉयलर दाखवायला नेलंत. मोठी मर्दुमकी. तिथे ती चक्कर येऊन पडली. विसरलात?”

“उपाशी होती ती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून.”

“उपाशी कसली! पोटभर खाऊन गेली होती. माझ्या समोर. वाफेनेच घेरी आली तिला, लहानपणापासून यायची. पण तुम्ही त्या भट्टीकडे असं काही बघत होतात म्हणे, की खरं सांगितलं तर यांना वाईट वाटेल असं तिला वाटलं. म्हणून उपाशी होते म्हणाली.”

छिन्नी बॉयलरवाल्याच्या हातात तशीच राहिली. त्याला तो दिवस आठवत होता. तिला बाहेर आणून पायरीवर बसवलं होतं, पाणी दिलं होतं, वर रागावलाही होता की खाऊन का नाही निघालीस. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. त्यानंतर ती कधी बॉयलरकडे आली नाही, आणि त्याने ते मनाला लावून घेतलं होतं, की हिला माझ्या कामाची लाज वाटते. इतकी वर्षं.

“मग दुसरी जागा कोणाची?” त्याने विचारलं.

“तुमची! आणखी कोणाची? ‘तुम्ही दोघं आत बसा आणि काय भांडायचं ते भांडून घ्या, मी बाहेर सुखाने चहा पिते,’ असं म्हणाली. मी तेव्हाच सांगितलं, त्या माणसाशेजारी बसण्यापेक्षा गुडघे धरलेले बरे.”

“म्हणून भिंतीला हो म्हणालात.”

“मग काय तर!”

“हे मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत? ताटातून मान वर केलीत कधी?”

बॉयलरवाल्याने रुमाल पुन्हा नाकावर ओढला आणि हातोडा उचलला. घाव आता असे पडायला लागले की सासूबाई मागे सरल्या. “हळू! लाद्या फुटतील माझ्या लेकीच्या!” त्या ओरडल्या. त्याने ऐकलं नाही. पण दगडाजवळ आल्यावर हात हलका केला.

रविवारी मेहुणा आला. बोलका, घाईचा माणूस. येताच त्याने आईची बॅग उचलून गाडीत टाकली.

“भाऊजी, बरंच झालं बघा,” तो म्हणाला. “तुम्हालाही मोकळं, आईलाही मोकळं. तुम्ही दोघांनी वर्ष काढलंत हेच खूप.”

“त्यांची एक फेरी राहिलीय,” बॉयलरवाला म्हणाला.

“कसली?”

“वाफेची. बसल्याशिवाय जायचं नाही, असं ठरलंय.”

असं कुठे काही ठरलं नव्हतं. पण सासूबाई गाऊन घालून येत होत्या, आणि त्यांनी काही ते खोडून काढलं नाही. भिंत होती तिथे दगडावर सिमेंटचा खरबरीत पट्टा राहिला होता. ओट्यालाही मध्ये एक सांधा दिसत होता. फिटरने येऊन कडा भरून दिल्या होत्या, पण शोभा काही आली नव्हती. सासूबाई दाराजवळच्या बाजूला बसल्या. बॉयलरवाल्याने दार लावून बटण दाबलं.

या वेळी काच एकदम पांढरी झाली नाही. दगड आधी आपला वाटा पीत बसला. वाफ ओट्याखालून निघून जमिनीवर पसरली, मग सावकाश वर चढत गेली. बॉयलरवाला खटक्याची वाट बघत कपाटाला कान लावून उभा होता. खटका येईना. आत पाणी उकळण्याचा एकसारखा आवाज येत राहिला. मेहुणा घड्याळ बघत होता.

“जावईबापू!” आतून हाक आली.

“भाजलं का?”

“नाही भाजलं. आत या.”

“बाहेरून ऐकू येतंय. बोला.”

“मला ओरडवत नाही. धाप लागते. या म्हटलं ना!”

मेहुणा बघतच राहिला. बॉयलरवाल्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर आत गेला. आत काही दिसत नव्हतं. तो चाचपडत पलीकडच्या टोकाला जाऊन बसला. दोघांच्या मध्ये हातभर जागा होती आणि वाफ.

“गुडघे?” त्याने विचारलं.

“गुडघ्यांचं नंतर. त्या दिवशी पिशवीचं काय म्हणालात? गरम पाण्याची पिशवी दिली म्हणून ती गेली?”

“तसं म्हणालो नाही.”

“तसंच म्हणालात. फिटरसमोर. डॉक्टरचं मी चारदा म्हटलं होतं तिला. ‘यांना सुट्टी मिळू दे, मग जाऊ’ म्हणायची. तुमची सुट्टी! सगळं तुमच्या सुट्टीवर अडलेलं. आणि त्याआधी दाढ दुखायची तेव्हा...”

“दाढेचं मला माहीत होतं. दाढेला मीच नेलं होतं.”

“तीन दिवसांनी नेलंत!”

“ती म्हणाली नको. हट्टी होती. कोणावर गेली होती?”

“माझ्यावर नव्हती. मी ऐकते.”

“तुम्ही ऐकता?” बॉयलरवाला मोठ्याने म्हणाला. “तुम्ही?”

काचेचं दार उघडलं आणि गार हवा आत घुसली. मेहुण्याने डोकं आत घातलं. “आई, रस्त्यात गर्दी होईल. निघायचं ना?”

“दार लाव!” दोघं एकदम ओरडले.

मेहुण्याने डोकं बाहेर घेतलं आणि फटीतून विचारलं, “अगं, पण बॅग गाडीत ठेवलीय.”

“मग काढ,” सासूबाई म्हणाल्या. “माझं बोलून झालेलं नाही. पुढच्या महिन्यात ये. आलास तर फोन करून ये.”

दार लागलं. वाफ पुन्हा दाट व्हायला लागली. सासूबाईंनी पाय लांब केले, एक हाड कडकन वाजलं.

“हां, तर मी काय सांगत होते?”

“माझं काय काय चुकलं ते,” बॉयलरवाला म्हणाला आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसला. “दाढेपर्यंत आलो होतो.”